स्वतःच्या शेतातील माती

दिल्लीतल्या त्या स्मारकाचा राग मला वर्तमानपत्र वाचून आला नव्हता. वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल रोज काही ना काही असायचंच. खर्चाचा आकडा, तोडलेली झाडं, हलवलेली वस्ती, कोर्टात गेलेली माणसं आणि कोर्टात जाणाऱ्यांना देशाचे वैरी म्हणणारी दुसरी माणसं. डहाणू स्टेशनबाहेर शेअर इको गाडी भरायची वाट बघत मी ते वाचायचे आणि पेपर घडी घालून पिशवीत टाकायचे. दगडात इतका पैसा कशाला ओततात, असं मनात यायचं. पण दिल्ली लांब होती आणि मला वेळेत शाळा गाठायची असायची.

माझी शाळा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, मी आणि एक सर. वर्गखोल्याही दोन, त्यातली एक काही वर्षांपूर्वी धोकादायक ठरवून बंद केलेली. दाराला कुलूप आणि भिंतीवर लाल रंगात सूचना. तेव्हापासून सर उरलेल्या खोलीत शिकवतात आणि मी मुलांना घेऊन समोरच्या समाजमंदिराच्या ओट्यावर बसते. पावसाची झड आली की मुलं दप्तरं पोटाशी धरून भिंतीला चिकटतात. खोली दुरुस्त करा, नाहीतर पाडून नवी बांधा, असे अर्ज मी दरवर्षी करते. उत्तर एकदाही आलेलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे हे आमचे साहेब. माणूस वाईट नाही, पण वरून आलेला कागद खाली ढकलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारकाच्या आवारात देशभरातल्या शेतांतली माती घालायची आहे, असा आदेश होता. प्रत्येक शाळेने आपल्या गावातल्या शेतकऱ्यांकडून एकेक मूठ माती गोळा करायची आणि तांब्याच्या कलशात भरून पाठवायची. शेतकऱ्याचा माती खणतानाचा फोटो काढायचा, तोही अशा अॅपमधून की फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश उमटतील. सोबत प्रत्येकाचा फॉर्म भरायचा. त्यावर शेतकऱ्याचं नाव, शेताचं ठिकाण, 'स्वतःच्या शेतातील माती राष्ट्राला अर्पण करीत आहे' असं छापील वाक्य, आणि खाली खातरजमा केली म्हणून शिक्षकाची सही. मुदत चार दिवस. माती कोरडी हवी, हे वेगळं ठळक अक्षरांत लिहिलेलं. श्रावणात, तलासरीत, कोरडी माती.

सर म्हणाले की आपण शाळेमागची माती घेऊ, सगळे फॉर्म इथेच बसून भरू आणि मोकळे होऊ. बऱ्याच शाळांनी तेच केलं असणार. खरं सांगायचं तर मीही तेच केलं असतं. पण सगळ्या फोटोंवर एकाच जागेचा आकडा आला तर पकडले जाऊ, या भीतीने मी छत्री घेऊन पाड्यात निघाले. त्यात देशप्रेम नव्हतं आणि प्रामाणिकपणाही नव्हता.

माझं माहेर वरोरचं. आमच्याकडे होडी होती, शेत नव्हतं. बोंबील वाळत घालायच्या वलांडीखालची वाळू, एवढीच जमीन मला लहानपणी माहीत होती. शेत कसं कसतात, कुणाची जमीन कुणाची असते आणि कुणाची नसते, हे मी या पाड्यावर आल्यावर शिकले. तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तरीही त्या दिवशी घरोघर फिरताना मला धक्का बसला. 'शेताचं ठिकाण' या रकान्यात लिहायला सातबारा बहुतेकांकडे नव्हताच. पाड्यातली निम्म्याहून जास्त घरं डोंगराच्या अंगाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत आलीत. ती कागदावर जंगलखात्याची आहे.

सगळ्यात शेवटी मी दादांकडे गेले. दादा पन्नाशीचे. त्यांच्या दोन मुली माझ्याकडे शिकून पुढे आश्रमशाळेत गेलेल्या. पावसाळ्यात ते शेती करायचे आणि उन्हाळ्यात बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवायला जायचे. ते ओटीवर बसून कुदळीचा दांडा बसवत होते आणि वहिनी चुलीपाशी होत्या. मी कशाला आले ते सांगितलं. त्यांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला.

"बाई, काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

मी वाचलं. स्वतःच्या शेतातील माती.

"जंगलखात्याचा माणूस येतो तेव्हा ते शेत सरकारचं असतं," दादा म्हणाले. "आता सरकारला माती पाहिजे, तर ते माझं झालं?"

मला त्यांच्या अर्जाची सगळी हकिगत माहीत होती, कारण तो अर्ज मीच लिहून दिला होता. जंगलजमीन पूर्वीपासून कसणाऱ्याला तिचा पट्टा द्यावा, असा कायदा आहे. दादांचं शेत दोन तुकड्यांत आहे. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं आणि वर उतारावर नागली-उडदाचा प्लॉट. दोन्हींसाठी त्यांनी दावा केला होता. पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक जुनी पावती होती. जंगलात अतिक्रमण करून नागली पेरली म्हणून त्यांच्या वडिलांना कधीकाळी दंड झाला होता, त्याची ती पावती. बापाला गुन्हेगार ठरवणारा तो कागद दादांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून जपला होता, कारण आम्ही इथे पूर्वीपासून आहोत हे सांगणारा घरातला तेवढाच सरकारी कागद. दावा नामंजूर झाला. पावतीवर वडिलांचं घरचं नाव होतं आणि रेशनकार्डावर दुसरं. शिवाय शेरा मारलेला, 'प्रत्यक्ष ताबा व वहिवाट आढळून येत नाही.' तो शेरा मारणारा कोणीही त्या उतारावर कधी चढून आलेला नव्हता.

मी म्हटलं, "दादा, नको असेल तर राहू द्या. मी लिहिते की घरी कोणी नव्हतं."

त्यांनी कुदळीचा दांडा ठोकून घट्ट केला. मग म्हणाले की तुम्ही पावसात दारापर्यंत आलात, तुम्हाला रिकाम्या हाती कसं पाठवू. आणि उठले. खालच्या खाचरातून सहज मूठभर चिखल देता आला असता. पण ते मला घेऊन वर चढले, नागलीच्या प्लॉटपर्यंत. नामंजूर झालेल्या जमिनीपैकी सगळ्यात जास्त वाद त्याच तुकड्याचा होता. तिथे त्यांनी कुदळ मारली. मी फोटो काढला. मागे हिरवा डोंगर, पुढे वाकलेले दादा, आणि खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत त्या जागेचे आकडे.

माती ओली गच्च होती. घरी आल्यावर वहिनींनी ती खापरीवर पसरली आणि खापरी चुलीवर ठेवली. भाकरी भाजायच्या खापरीवर त्या माती परतत होत्या. वाफ निघाली, मग वास बदलला, मग माती भुरभुरीत झाली. त्यांनी ती पदराने गाळून कागदाच्या पुडीत बांधून दिली. आता याच्यात काही उगवणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मी फॉर्म भरला. ठिकाणाच्या रकान्यात 'डोंगरउतारावरील नागलीचे शेत' असं लिहिलं आणि खाली सही केली. आमच्या कलशात गेलेल्या मातीपैकी बरीचशी माती त्या आठवड्यात अशीच चुलीवरून आली होती.

हे इथेच संपलं असतं. पण दादांचा फोटो कुणाला तरी वर आवडला. प्रत्येक तालुक्यातून काही शेतकरी कलशासोबत दिल्लीला न्यायचे होते आणि तलासरीतून निवडलेल्यांत दादांचं नाव आलं. सोबत म्हणून माझं. तेव्हा हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलं होतं. दादा जायला तयार नव्हते. वहिनींनीच त्यांना तयार केलं. तिथे मोठे साहेब भेटतील, आपला दावा सांगता येईल, असं त्यांना वाटत होतं. पाड्यातल्या बऱ्याच जणांना तसंच वाटत होतं. दादांनी डहाणूच्या बाजारातून नवा शर्ट आणि पँट घेतली. दंडाच्या पावतीची झेरॉक्स त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

मुंबईहून खास गाडी होती. गाडीत सगळ्यांना टोप्या आणि पिशव्या वाटल्या. दिल्लीत आम्हाला एका मोठ्या मैदानातल्या तंबूत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे व्यवस्था पाहणारा एक तरुण आला आणि दादांना म्हणाला की आदिवासी पोशाख करा. दादांनी नव्या शर्टाकडे पाहिलं. त्या तरुणाने खोक्यातून पिसांचा मुकुट आणि कवड्यांची माळ काढली. असलं काही मी तलासरीत, डहाणूत, कुठल्याही लग्नात, कुठल्याही देवाच्या जागी पाहिलेलं नाही. दादांनी मुकुट हातात घेऊन बघितला आणि नम्रपणे परत दिला. म्हणाले की आमच्यात हे कोणी घालत नाही, तुम्हाला दुसऱ्या कुणाचं तरी आलंय. तरुण मला म्हणाला, मॅडम, यांना समजवा. मी म्हटलं, समजलंय त्यांना. मग आम्हाला मागच्या रांगेत घातलं.

स्मारक मी प्रथम पाहिलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझी मान वरच गेली. दगडी चौथरा एवढा प्रचंड की आमचा पाडा त्यावर सहज मावला असता. मधोमध स्तंभ, चारी बाजूंनी कारंजी, आणि लांबच लांब हिरवळ, जिच्यावर भर सकाळी पाण्याचे फवारे चालू होते. दगड असा घासलेला की त्यात आपला चेहरा दिसावा. दादा स्तंभाकडे बघत नव्हते. ते फवाऱ्यांपाशी उभे राहून गवतात मुरणारं पाणी बघत होते. चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यातल्या बाया ओढ्याच्या पात्रात झिरे खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. मग दादा पायऱ्यांच्या कडेला टेकले, तर पहारेकऱ्याने शिट्टी मारून उठवलं. तिथे बसायची परवानगी नव्हती. नंतर आमच्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं की जिथे बस लावली होती तिथे पूर्वी वस्ती होती. त्याच्या मावशीचं घर त्यातच गेलेलं. तो हे शांतपणे सांगत होता आणि इंजिन गरम करत होता.

माती द्यायची वेळ आली तेव्हा भाषण वगैरे लांब कुठेतरी चालू होतं. आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. आमची रांग मांडवामागच्या टेबलांकडे वळवली. टेबलामागच्या मुलीने दादांच्या हातातला कलश घेतला, त्यावरची चिठ्ठी यादीशी ताडून पाहिली, माती एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ओतली आणि कलश बाजूच्या ढिगात टाकला. तांब्यावर तांबं आपटल्याचा आवाज झाला. दादा जागचे हलले नाहीत. त्यांनी हिंदीत विचारलं, "इसमें क्या बोएंगे?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. मागच्यांना जागा द्या, म्हणाली.

मांडवाच्या टोकाला, पत्र्याच्या कुंपणाला लागून, ओतलेल्या मातीचा ढीग मी पाहिला. काळी, लाल, पिवळी, राखाडी, सगळी एकात एक. त्यातून चिठ्ठ्यांची टोकं वर आलेली. गावांची नावं, माणसांची नावं. ढिगाशेजारी डंपर उभा होता. ही माती कुठे जाणार, असं मी तिथल्या दोघातिघांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. आमच्या वहिनींनी त्यातली एक मूठ चुलीवर परतून, पदराने गाळून दिली होती. त्या स्मारकाचा राग मला आला तो तिथे. मोठे साहेब कोणी भेटले नाहीत. झेरॉक्स खिशातच राहिली. निघताना प्रत्येकाला जाड कागदाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर नाव, फोटो, जागेचे आकडे, शिक्का आणि सोनेरी अक्षरांत वाक्य: 'स्वतःच्या शेतातील माती राष्ट्राला अर्पण केल्याबद्दल.'

परतीच्या गाडीत दादांनी ते प्रमाणपत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. सुरत गेल्यावर म्हणाले, "बाई, हे सरकारच लिहितंय ना, स्वतःचं शेत म्हणून?"

मी म्हटलं, "हो."

"मग हे लावून परत अर्ज करू."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. दावा फेटाळताना म्हटलं होतं की ताबा दिसत नाही. इथे तर ताब्याचा फोटो होता, आकडे होते, शिक्षिकेची सही होती आणि वर राष्ट्राचा शिक्का होता. घरी आल्यावर त्यांनी आधी भात कापलं. दोघांचं काम वहिनी एकट्याच ओढत होत्या आणि काही दाणा गळून गेला होता. मग एका रविवारी आम्ही ओटीवर बसून फेरविचाराचा अर्ज लिहिला आणि प्रमाणपत्र जोडलं.

सुनावणी तीन-चार महिन्यांनी लागली. मी दिवसभराची रजा टाकून गेले. कचेरीच्या व्हरांड्यात सकाळपासून बसवून आमचा पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. अधिकारी तरुण होते, घाईत होते. त्यांनी प्रमाणपत्र उचललं आणि शेजारच्या कारकुनाला दाखवून हसले.

"मॅडम, हा समारंभाचा कागद आहे," ते मला म्हणाले. "असले कागद कोणी पुरावा म्हणून लावतं का?"

मी सांगितलं की माहिती मी स्वतः भरली आहे, जागेवर जाऊन फोटो मी काढला आहे, आणि आदेशात खातरजमा करून सही करा असं म्हटलं होतं, म्हणून सही केली आहे. ते म्हणाले की तुम्ही शिक्षिका आहात, जमिनीची खातरजमा करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. मी म्हटलं, ज्यांनी माती मागवली त्यांनी. तेव्हा त्यांचं हसू गेलं. ते दादांकडे वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "जंगलातली माती परवानगीशिवाय उचलणं हा गुन्हा आहे, माहीत आहे का? या कागदावरून उलट तुमच्यावरच केस होईल."

खोलीत सात-आठ माणसं होती. मला वाटलं दादा आता घाबरतील, कागद मागे घेतील. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मग केस करा, साहेब. दंड लावा. फक्त पावती द्या, माझ्या बापाला दिली होती तशी. आणि तिच्यावर नाव नीट लिहा."

कारकुनाने मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर दादांनी मला विचारलं, जास्त बोललो का. मी नाही म्हटलं. मग आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला.

केस दादांवर झाली नाही. नोटीस मला आली. वनजमीन खासगी मालकीची असल्याचे विनाअधिकार प्रमाणित केले, याबाबत सात दिवसांत खुलासा करावा. केंद्रप्रमुख स्वतः शाळेत आले. समाजमंदिराच्या ओट्यावर मुलांच्या मध्ये बसले, पाणी प्यायले आणि मला बाजूला घेऊन समजावू लागले. त्यांनी मायन्यासकट मसुदाही करून आणला होता. नजरचुकीने झाले, क्षमा असावी, एवढ्या दोन ओळी. पेन्शनीला अजून किती वर्षं आहेत तुम्हाला, असंही त्यांनी विचारलं. ते माझ्या भल्याचंच सांगत होते.

मी म्हटलं, "साहेब, नजरचूक झाली असती तर लिहिलं असतं. मी अकरा वर्षं त्यांना तिथे नागली पेरताना बघते आहे."

"ते मलाही माहीत आहे, बाई. माहीत असणं आणि लिहिणं यात फरक असतो."

त्यांचं हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्या देशाला आमच्या पाड्याची माती हवी होती, तिच्यासाठी माझी सही हवी होती, फोटो हवा होता, अक्षांश-रेखांश हवे होते, त्याच देशाला ती सही खरी असलेली चालत नव्हती. माती उचलायला चालत होती. ती कुणाच्या शेतातली, हे विचारलं की गुन्हा होत होता. त्या दगडी चौथऱ्यावर किती पैसा लागला याचा खुलासा कुणी सात दिवसांत मागितला नव्हता. माझ्या बंद खोलीच्या अर्जांचा खुलासा कुणी सात वर्षांत दिला नव्हता. मी त्या दुपारी मुलांना घरी सोडलं आणि ओट्यावरच बसून तीन पानी खुलासा लिहिला. मातीचा आदेश जोडला, फोटो जोडला. नजरचूक हा शब्द कुठेही वापरला नाही. माझ्या सेवापुस्तकात सक्त ताकीद म्हणून नोंद झाली. पुन्हा असा प्रकार घडल्यास कारवाई होईल, असंही त्यात आहे.

दादांच्या अर्जाचं मात्र एक झालं. त्या दिवशी फाईलवर जे काही लिहिलं गेलं, त्यात जागेची पाहणी करावी असं होतं. भीतीने लिहिलं की त्या पावतीच्या बोलण्याने, मला माहीत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आधी दोन माणसं मोजणीचं यंत्र घेऊन आली. अख्खा पाडा जमला. दादा बांधावरून पुढे चालत होते, मागे यंत्रवाला, त्यामागे वहिनी. खाचरं मोजून झाली, तेव्हा ऊन फार होतं आणि यंत्रवाले दमले होते. वरचा प्लॉट त्यांनी खालूनच पाहिला. दादा म्हणाले, चला वर, मी पाणी घेतो. ते म्हणाले, दिसतंय इथून.

निकाल यायला वर्ष लागलं. खालची खाचरं मंजूर झाली, दादा आणि वहिनी दोघांच्या नावे. वरचा उतार नामंजूर, 'वनक्षेत्र' म्हणून. पट्ट्याचा कागद हातात आला त्या दिवशी वहिनींनी पाड्यात गूळ वाटला आणि मलाही दिला. त्या खरंच खूश होत्या. सासऱ्यांच्या काळापासून जे कधी मिळालं नव्हतं त्यातलं अर्धं मिळालं होतं. मी मात्र गूळ तोंडात घेऊन उभी होते आणि मला आनंद होत नव्हता. जे त्यांचंच होतं त्यातलं अर्धं देऊन त्यांच्याकडून कृतज्ञता घेतली जात होती. हे त्यांना सांगून त्यांचा दिवस नासवायची मला हिंमत झाली नाही. शेवटी वहिनींनीच हात पुसत विचारलं, "बाई, वरचं का नाही दिलं?"

मी म्हटलं, "ते वर चढले नाहीत म्हणून."

त्यांनी उरलेला गूळ झाकून ठेवला. मग म्हणाल्या की पेरणी तर करणारच.

त्यांनी पेरलीही. मी आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत वर चढून जाते आणि फोटो काढते, त्याच अॅपमधून. पेरणी, निंदणी, कापणी, सगळ्याचे. पाड्यातल्या इतर सोळा घरांचे प्लॉटही मी असेच टिपते आहे. सर म्हणतात, नोकरी घालवणार तुम्ही. कदाचित घालवीन. शाळेची बंद खोली अजून बंद आहे. दिल्लीच्या स्मारकाला आता तिकीट लागतं, असं वाचलं. पाड्यातल्या एका पोराने मोबाईलवर त्याची रोषणाई मला दाखवली, आणि मी ती शेवटपर्यंत पाहू शकले नाही.

वरच्या प्लॉटसाठी दादांनी गेल्या महिन्यात पुढचं अपील केलं. त्याला दोन साक्षीदार लागतात. एक पाड्यातले सगळ्यात म्हातारे बाबा होते, त्यांनी अंगठा दिला. दुसरी साक्षीदार मी. माझ्या सहीच्या जागेपाशी कारकुनाने मला थांबवलं. नुसतं नाव लिहा, हुद्दा कशाला, उगाच पुन्हा ताप होईल, असं तो हळूच म्हणाला. तोच कारकून, सुनावणीच्या दिवशी मान खाली घालणारा. मी त्याचे आभार मानले, नाव लिहिलं आणि त्याखाली माझा हुद्दा आणि शाळेचं पूर्ण नाव लिहिलं.